खांद्यावरचा माइक

ऑर्व्हिल डुशेनला मातीत ठेवून मंडळी परत आली त्याच दुपारी लोर्ना पेट्रिशिनने कामावरच्या त्याच्या कपाटातला जुना वॉकीटॉकी काढला आणि खिडकीपाशी नेऊन नीट पाहिला. सेटला पट्टा होता, पट्ट्यातून वायर वर जात होती, आणि वायरीच्या टोकाला खांद्यावर अडकवायचा माइक. माइकची एक कड दाढीच्या खुंटांनी घासून घासून गुळगुळीत झाली होती. बावीस वर्षं हा माणूस डाव्या खांद्याकडे मान वाकवून त्या माइकमध्ये बोलत आला होता. आणि डॉक्टरांना गाठ सापडली ती डाव्या कानामागेच.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं म्हणणारे म्हणोत. लोर्नाचं म्हणणं असं की हा कावळा बावीस वर्षं त्याच फांदीवर येऊन बसत होता.

रेल्वेच्या यार्डात जमिनीवर, मालगाड्यांच्या वाघिणींशी काम करणाऱ्या सगळ्यांचे माइक डाव्या खांद्यावरच असतात. उजवा हात बटणासाठी, डावा हात वाघिणीच्या शिडीसाठी. लोर्नाचाही तिथेच, गेली एकोणीस वर्षं. आणि ऑर्व्हिल गेल्यावर महिन्याभरात तिच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं मुंग्या येऊन बधिर व्हायला लागली. सकाळी उठावं तर अख्खा हात दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा उशीवर पडलेला. डाव्या कानात बारीक गुणगुण. तिने हे कोणाला सांगितलं नाही. कारण ज्याचा हात भरवशाचा नाही त्याला शिडीवर चढू देत नाहीत. त्याला ऑफिसात बसवून कागद छापायला लावतात. बापाच्या शेतावरून पळून येऊन लोर्ना जे एकच काम जीव लावून शिकली होती, ते जमिनीवरचं होतं. तेव्हा प्रश्न साधा होता: लहरी सोडणारं खांद्यावरचं हे यंत्र तिला ऑर्व्हिलच्या वाटेने नेतंय का? आणि नेत असेल तर ते कोणाला माहीत आहे?

तिने एक वही केली. यार्डात गेल्या पंधरा वर्षांत कोण कोण आजारी पडलं, कोणत्या बाजूला, किती वर्षं सेट वापरला. जेवणाच्या खोलीत ती लोकांना खोदून खोदून विचारायची. सात नावं झाली तेव्हा तिने ती वही गार्नेट थीसेनपुढे ठेवली.

गार्नेट तिचा ड्रायव्हर. म्हणजे इंजिन तो चालवायचा आणि जमिनीवरून त्याला हाकायची ती. चौदा वर्षांची जोडी. दिवसातले सात तास एकमेकांचं तोंड न पाहता नुसत्या आवाजावर काम. गार्नेटला ती नवऱ्यापेक्षा जास्त ओळखत होती. नवरा तसाही नऊ वर्षंच टिकला.

गार्नेटने अंड्याचं सँडविच चघळत यादी वाचली. "ह्यात बर्टची मूळव्याध पण आहे."

"मग? आजार नाही का तो?"

"आहे की. पण बर्ट सेट नेमका ठेवायचा कुठे, हे मला कळून घ्यायचं नाहीये."

"हस तू. ऑर्व्हिलपण हसायचा."

गार्नेटचं हसणं थांबलं. त्याने वही मिटली आणि हळूच तिच्याकडे सरकवली. "लोर्ना, ह्या सातही जणांनी वॉकीटॉकी वापरला हे खरं. पण इथे न वापरणारा आहे कोण? झाडूवाल्याकडेसुद्धा आहे."

हे तिलाही कळत होतं. पण संशयाला एकदा घरात घेतलं की तो ओसरीवर बसत नाही, सरळ स्वयंपाकघरात शिरतो.

तिची वही पाहून युनियनने पत्र लिहिलं, वरून उत्तर आलं, आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सेटमधल्या लहरींचं मोजमाप करायला माणूस येणार असं ठरलं. तो यायच्या आदल्या दिवशी यार्डाचा मॅनेजर हार्लन व्हॉस एक प्लॅस्टिकचं खोकं घेऊन फिरला आणि सगळ्यांचे सेट गोळा करून घेऊन गेला. बॅटऱ्या तपासायच्या होत्या म्हणे.

"एकोणीस वर्षांत ह्यांना माझ्या बॅटरीची काळजी कधी वाटली नाही," लोर्ना म्हणाली. "आजच कशी वाटली? कुठेतरी पाणी मुरतंय."

"थंडीने बॅटऱ्या मरतात," गार्नेट म्हणाला. "उणे सव्वीस आहे."

"थंडी काय ह्याच वर्षी पडली सस्कॅचेवानात?"

मोजमापवाला प्रुइट नावाचा, पन्नाशीचा, बुटांवर रबरी बूट चढवून आलेला सावध गृहस्थ होता. त्याच्याकडे पिवळ्या मुठीचं एक यंत्र होतं, टोकाला चेंडूएवढा गोळा. व्हॉसने त्याला ऑफिसातला कोरा सेट दिला आणि प्रुइटने तो जेवणाच्या खोलीतल्या टेबलावर ठेवून गोळा जवळ नेला. आकडा जेमतेम हलला. व्हॉसने मान डोलावली. दारात उभ्या असलेल्या लोर्नाचं टाळकं सरकलं.

"तो नुसता ऐकतोय," ती म्हणाली. "ऐकताना तो कशाला काय सोडेल? बोलताना मोजा. बटण दाबून. आणि टेबलावर नाही, इथे." तिने आपल्या खांद्यावर थाप मारली. "टेबलाला कान नसतात."

व्हॉस म्हणाला, "लोर्ना, साहेबांना त्यांचं काम—"

"बरोबर बोलताहेत त्या," प्रुइट म्हणाला. "बोलतानाच मोजायला हवं. मी मोजणारच होतो."

मोजणारच होतो, म्हणे. चोर पकडला की तोही म्हणतो, मी परतच ठेवणार होतो.

त्याने तोच सेट अंगावर चढवायला लावून तिला उभं केलं. तिने बटण दाबलं. सेट छातीवरच्या पट्ट्यात होता, त्यातून वर आलेली एरियलची दांडी तिच्या गालाजवळून जात होती. प्रुइटने गोळा आधी माइकजवळ नेला. तिथे विशेष काही नव्हतं. मग दांडीजवळ नेला आणि यंत्र टिटवीसारखं ओरडायला लागलं. लोर्नाने सगळ्यांकडे अशा नजरेने पाहिलं की जेवणाच्या खोलीत कोणी घास गिळला नाही.

"हे मर्यादेच्या आतच आहे," प्रुइट म्हणाला. "बरंच आत."

"मर्यादा कोणी ठरवली?"

"जाणकारांनी. शरीर गरम होऊ नये म्हणून ठरवलेली आहे. त्यापलीकडचं काही अजून कोणी पक्कं दाखवलेलं नाही."

नंतर तो गाडीत सामान ठेवत असताना लोर्ना एकटी त्याच्यामागे गेली. व्हॉस आसपास नाही हे पाहून तिने विचारलं, "खरं सांगा. तुमची बहीण हे काम करत असती तर तिला काय सांगितलं असतं?"

प्रुइटने हातमोजे काढले, पुन्हा घातले. "घाबरू नकोस, असं सांगितलं असतं. आणि मग हेही सांगितलं असतं की, दांडी गालापासून लांब ठेव, सेट शरीरापासून जरा दूर बांध, आणि जरुरीपुरतंच बोल. बटण दाबलेलं नसेल तेव्हा जवळजवळ काहीच नसतं. खबरदारीला पैसे पडत नाहीत. पण मला तुमचं काम माहीत नाही हं. तुमच्या लोकांबरोबर बसून ठरवा."

"हे तुम्ही लिहून देणार?"

"अहवालात असेल."

ख्रिसमसच्या आधी व्हॉसने अहवाल वाचून दाखवला. दीड पान. "सर्व नोंदी मर्यादेच्या आत. कामाच्या पद्धतीत बदलाची आवश्यकता नाही." एवढं वाचून त्याने कागद घडी करून खिशात टाकला आणि कोणाला केक हवाय का ते विचारलं. लांब ठेवा, दूर बांधा, कमी बोला, ह्यातलं अवाक्षर नाही. एक तर प्रुइटने लिहिलं नसेल किंवा व्हॉसने गिळलं असेल. त्याच वेळी तिने उठून विचारलं असतं तर? लांब वायर मिळाली असती, सेट कमरेला बांधायचे पट्टे मिळाले असते. चारचौघांत बसून काहीतरी ठरलं असतं. पण लोर्नाने विचारलं नाही. ज्यांनी लपवलं त्यांना कशाला विचारायचं, असं म्हणून तिने आपलं आपणच ठरवलं. संशयी माणसाची ही एक मोठी खोड: सगळी दारं तोच लावून घेतो आणि मग म्हणतो, मला कोणी आत घेत नाही.

आधी तिने सेट छातीवरून काढून मागे, कमरेच्या पट्ट्याला पाठीवर बांधला. मग प्रश्न उरला बोलण्याचा.

इंजिन मागून डबे ढकलतं तेव्हा ड्रायव्हरला पुढचं काहीच दिसत नाही. पुढच्या डब्याच्या शिडीवर लटकलेला माणूस हेच त्याचे डोळे. तो माइकवर मोजत राहतो: समोर अजून बारा डब्यांइतकी जागा आहे, आठ, पाच, तीन, दोन, एक, बस. आणि ह्या सगळ्याखाली एक नियम आहे, जो पहिल्या दिवशी डोक्यात ठोकून बसवतात. बारा म्हटलं की ड्रायव्हरने फार तर त्याच्या निम्मं, सहा डब्यांइतकं यायचं. तोवर पुढचा आकडा कानावर आला नाही, तर जागच्या जागी थांबायचं. विचारायचं नाही, अंदाज बांधायचा नाही. आवाज बंद म्हणजे गाडी बंद. माणूस पडला असेल, मेला असेल, बॅटरी संपली असेल. गप्प म्हणजे थांब.

"बारा, आणि एकदम तीन," लोर्ना गार्नेटला म्हणाली. जानेवारीतली पहिली पाळी होती, दोघं इंजिनात कॉफी पीत बसले होते. "मधले आकडे मी बोलणार नाही. दिवसाला दोनशे वेळा बटण दाबते मी. हे केलं तर सत्तर."

"आणि सहावर मी थांबायचं?"

"थांबलास तर प्रत्येक वेळी पुन्हा बोलावं लागेल. मग कमी काय झालं? तू येत राहायचंस. तुझ्या बुडाला कळतं ना किती आलो ते?"

"बुडाला खूप काही कळतं माझ्या. पण लोर्ना, गप्प म्हणजे थांब. एकतीस वर्षं झाली मला हे शिकून."

"दुसऱ्यांचं गप्प वेगळं. माझं गप्प वेगळं."

"तुझं कसं वेगळं?"

तेव्हा तिने हातमोजा काढला आणि डावा हात त्याच्यापुढे धरला. करंगळी आणि शेजारचं बोट वाकत होतं, पण पुरतं मिटत नव्हतं. ते तिने पहिल्यांदा कोणाला दाखवलं. "ऑर्व्हिलचं असंच सुरू झालं होतं का ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "विचारायला तो राहिला नाही. मला भीती वाटते, गार्नेट."

गार्नेटने कॉफी खाली ठेवून तिच्या हाताकडे पाहिलं. त्याला बायको नव्हती, मुलं नव्हती. घरी दोन कुत्री आणि मासे पकडायची होडी. चौदा महिन्यांनी पूर्ण पेन्शन घेऊन तो त्या होडीत जाऊन बसणार होता. "डॉक्टरला दाखव," तो म्हणाला.

"कंपनीच्या? म्हणजे दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात."

"बरं," तो शेवटी म्हणाला. "बारा आणि तीन. लोकांच्या बायका बोलतात म्हणून लोक रडतात. माझं नशीब बघ."

पाच आठवडे सगळं सुरळीत चाललं. कानातली गुणगुण कमी झाल्यासारखी वाटली. हात तसाच होता, पण बुडत्याला काडीचा आधार. लोर्नाने वहीत ठळक अक्षरात लिहिलं: 'कमी बोलल्याने फरक.' व्हॉस समोरून आला की ती मनात म्हणायची, तू लपव, मी माझी सोय केली आहे.

फेब्रुवारीच्या नऊ तारखेला सकाळी अकरा वाजता चौदा रिकाम्या वाघिणी सात नंबरच्या लाइनवर ढकलायच्या होत्या. त्या लाइनवर आधीच मसूर भरलेल्या वाघिणी उभ्या होत्या. रिकाम्या नेऊन त्यांना हलकेच टेकवायच्या, बस. ऊन लख्ख, हवा उणे एकतीस. लोर्ना पुढच्या वाघिणीच्या शिडीवर चढली, डाव्या हाताने दांडा धरला, उजव्याने बटण दाबलं.

"सातवर, गार्नेट. ये. बारा."

"बारा," गार्नेट म्हणाला, आणि गाडी हलली.

तीन डब्यांइतकं अंतर गेलं असेल. तिचा डावा हात दांड्यावर होता हे तिला दिसत होतं. पण तो तिथे आहे असं वाटेना. बोटांनी विचारल्यावाचून आपलं आपणच सोडून दिलं. उजव्या हाताने ती दांडा पकडायला गेली, माइकची वायर शिडीच्या पायरीत अडकली, एक हिसका बसला आणि ती रुळांच्या कडेला बर्फात डाव्या खांद्यावर आपटली. आत कुठेतरी काडकन वाजलं. डोळे उघडले तेव्हा तिचा माइक तुटक्या वायरीला लोंबकळत वाघिणीबरोबर पुढे चालला होता.

बोलायचं बटण सेटवरही होतं, पण सेट पाठीशी होता. पट्ट्याला, मागे, तिनेच बांधलेला. डावा हात मेलेला, आणि उजवा हात जाड हातमोज्यासकट पाठीमागे पोचेना. छातीवर असता तर नाकाने बटण दाबता आलं असतं.

चाकं तिच्या तोंडापासून हातभर अंतरावरून जात होती. घाबरायचं नाही, तिने स्वतःला सांगितलं. बारा म्हटलंय. तीन झाले. अजून तीन डबे जातील आणि तो थांबेल. आवाज नाही, म्हणजे थांबणारच. तिने डबे मोजले. एक गेला. दुसरा गेला. तिसरा गेला.

चौथा आला.

आणि तेव्हा लोर्नाला आठवलं की माझं गप्प वेगळं.

ती ओरडली. एवढं ओरडली की घसा फाटला. पण इंजिन मागे दहा डब्यांवर होतं, काच बंद, हीटर चालू, आणि त्यातला माणूस मन लावून तिच्या आवाजाची वाट बघत होता. पाचवा. सहावा. सातवा. ती 'तीन, तीन, तीन' म्हणून बर्फावर मूठ आपटत राहिली. नववा गेला आणि पुढून असा आवाज आला की जमीन अंगाखाली हलली. एक मसुराची वाघीण रुळावरून उतरून कलंडली, तिच्या बुडाचं झाकण उघडलं आणि लालसर मसूर बर्फावर सांडत राहिली, टनाच्या टनांनी. त्या वाघिणींपाशी दोन मिनिटांपूर्वी एक फिटर ब्रेक तपासत होता. तो सिगारेट ओढायला बाजूला गेला म्हणून वाचला.

गार्नेट धावत आला. साठीला टेकलेला जाड माणूस, टोपी नाही, गुडघाभर बर्फातून. "जिवंत आहेस," तो म्हणाला. "जिवंत आहेस."

हॉस्पिटलात गळ्याजवळचं मोडलेलं हाड बसवलं, आणि हात बधिर होतो हे तिने आता सांगितलंच, म्हणून डोकं आणि मान दोन्हींचे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर ओकाफोर फोटो घेऊन पलंगाशी बसल्या. त्या नायजेरियाच्या, तीन हिवाळे इथे काढून थंडीला शिव्या द्यायला शिकलेल्या.

"डोक्यात काही नाही," त्या म्हणाल्या. "स्वच्छ आहे. पण ही मान बघा. हे दोन मणके. इथली चकती सरकून नस दाबते आहे. तीच नस खाली ह्या दोन बोटांत जाते. तुम्ही दिवसभर मान डावीकडे वाकवता का? फोनवर बोलतात तशी?"

लोर्नाने नुसती मान डावीकडे वाकवून दाखवली, खांद्याकडे, आणि कळ येऊन ती ओरडली.

"किती वर्षं?"

"एकोणीस."

"मग झालं तर."

"म्हणजे लहरी नाहीत."

"ह्या हातापुरतं बोलायचं तर नाहीत. ही मान वाकवून वाकवून गेली आहे. कानातला आवाज तुमच्या इंजिनांमुळे असेल, तपासू."

"आणि ऑर्व्हिलची गाठ?"

"ते मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आणि कोणी छातीठोक सांगत असेल, इकडून किंवा तिकडून, तर त्याच्यावर तुम्ही जरूर संशय घ्या."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. वळसा तरी केवढा! तिला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं, आणि दोन्हींनी खांदा सारखाच दुखला.

पण डोकं स्वच्छ असल्याचं सुख एक दिवससुद्धा टिकलं नाही. गार्नेट भेटायला येईना. तिसरा दिवस उजाडला तरी नाही. फोन नाही, निरोप नाही. का येत नाही? पलंगावर पडल्या पडल्या ती पुन्हा जुन्या धंद्याला लागली. तो सांगत असेल. चौकशीला बसून सगळं ओकत असेल: ही बाई वेडी आहे, हिनेच मला नियम मोडायला लावला, हिचा हात आधीपासून गेलेला होता. पेन्शन तेरा महिन्यांवर आलेला माणूस आणखी काय करेल? चौदा वर्षांची जोडी. पण पोटावर आलं की कोण कोणाचं?

दुपारी व्हॉस आला. हातात चॉकलेटचा डबा आणि एक पातळ फाइल.

"तुझं नशीब थोर," तो म्हणाला. "फार बोलू नकोस, विश्रांती घे. फक्त इथे सही कर. मी लिहून आणलंय."

तिने वाचलं. 'मी बारा डब्यांचा आकडा दिला. त्यानंतर मी पडले व संपर्क तुटला. ड्रायव्हरने नियमाप्रमाणे सहा डब्यांवर थांबणे आवश्यक होते. तो थांबला नाही.' एक शब्द खोटा नव्हता.

"गार्नेट काय म्हणतो?" तिने विचारलं.

"तो काय म्हणणार? इंजिनच्या नोंदीत सगळं आहे. थांबलाच नाही तो. त्याने लिहून दिलंय पहिल्याच दिवशी." व्हॉसने फाइलमधून दुसरा कागद काढून तिच्यापुढे धरला.

गार्नेटचं अक्षर तिला ओळखीचं होतं. मोठं, शाळकरी. 'माझं मोजण्याकडे लक्ष नव्हतं. चूक माझी आहे. लोर्ना पेट्रिशिनने नेहमीप्रमाणे काम केलं.' खाली सही. बाकी काही नाही. हाताचं नाही, बारा-तीनचं नाही.

"पुढे काय होईल त्याचं?"

"नोकरी जाईल. दुसरा मार्ग नाही. एकतीस वर्षं झाली असली तरी तिथे कुणाचा जीव गेला असता. पेन्शन कापून मिळेल." व्हॉसने पेन पुढे केलं. "तुझं मात्र मी बघतो. मानेचं कळलं मला. ऑफिसात खुर्ची देतो. आणि ते लहरींचं, मोजमापाचं, ते आता कशाला मध्ये आणायचं? दोन्ही जबान्या जुळल्या की प्रकरण मिटलं."

"प्रुइटच्या अहवालात आणखी काय होतं, हार्लन?"

व्हॉसने खिडकीबाहेर पाहिलं. "शिफारशी होत्या दोन-चार. बंधनकारक नव्हत्या."

तिचा संशय खरा निघाला होता. सात आठवडे ती ह्या क्षणाची वाट पाहत होती. आणि आता तो आला तर त्यात काडीचा आनंद नव्हता. व्हॉसने एक वाक्य लपवलं हे खरं. पण ते चाक चौथ्या डब्यावर थांबलं नाही ते व्हॉसमुळे नव्हे.

"कागद ठेवून जा," ती म्हणाली. "संध्याकाळी देते."

तो गेल्यावर तिने गार्नेटला फोन लावला. दहा वेळा वाजला. मग मागे कुत्री भुंकली आणि तो म्हणाला, "हं."

"आला नाहीस."

"कोणत्या तोंडाने येऊ? तू रुळाशेजारी पडलीस आणि मी गाडी पुढे आणत राहिलो."

"गार्नेट, सहा झाल्यावर तुला काही वाटलं नाही?"

"सहावर नाही. नेहमीचंच होतं. आठ झाले असावेत तेव्हा वाटलं. हात ब्रेकवर गेला होता, लोर्ना. खरं सांगतो. मग म्हटलं, आता म्हणेल तीन. मी थांबलो तर ती म्हणेल, तुझाही माझ्यावर विश्वास नाही."

लोर्नाने फोन कानापासून दूर धरला. जगात कोणाच्या शब्दावर तिचा विश्वास नव्हता. मोजणाऱ्यावर नाही, मॅनेजरवर नाही, आज सकाळपासून तर ह्या माणसावरही नाही. आणि हा वेडा तिच्या गप्प बसण्यावरसुद्धा विश्वास ठेवून बसला होता. तिला स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"सही करून टाक," तो म्हणाला. "दोघं बुडण्यात काय अर्थ? होडी तर आहेच माझी."

"फोन ठेवू नकोस."

तिने फोन उशीवर ठेवला, व्हॉसचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर उजव्या हाताने लिहायला घेतलं. लिहिता लिहिता ती मोठ्याने वाचत गेली, एकेक वाक्य, जसे आकडे द्यायला हवे होते तसे, एकही न गाळता.

"माझा डावा हात नोव्हेंबरपासून बधिर होत होता. मी तो लपवला." तिने श्वास घेतला. "वॉकीटॉकीच्या भीतीने मी मधले आकडे देणं बंद केलं. मी कोणाला विचारलं नाही. ड्रायव्हर गार्नेट थीसेन नको म्हणत होता. तो सहा डब्यांवर थांबला नाही, कारण माझा आवाज बंद झाला तरी येत राहायचं, हे मी त्याला शिकवलं होतं. पाच आठवडे."

पलीकडून काहीच ऐकू आलं नाही. कुत्रीसुद्धा गप्प होती.

"गार्नेट?" ती म्हणाली. "गार्नेट, आहेस ना? गप्प का आहेस?"

"थांबलोय," तो म्हणाला.